चेता-मूलपेशींचं विभेदन: आधी काय काढायचं, मग काय घालायचं

उंदराच्या चेता-मूलपेशी (ज्यांच्यापासून मेंदूतल्या न्यूरॉन, ॲस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी बनतात) वाढवताना माध्यमात ईजीएफ आणि बीएफजीएफ ही वाढीची प्रथिनं, प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिलि असतात. ते पेशींना विभागत ठेवतात. म्हणून विभेदनाची, म्हणजे मूलपेशींपासून ठरावीक प्रकारच्या पेशी घडवण्याची, सुरुवात काही घालून नव्हे, हे दोन्ही काढून होते. ॲक्युटेज या विकरांच्या द्रावणाने ५ मिनिटांत पेशी सुट्या करा आणि डीएमईएम/एफ१२ या नुसत्या मूळ माध्यमाने दोनदा धुवा.

पेशी चिकटाव्यात म्हणून कव्हरस्लिपवर (काचेच्या पातळ चकतीवर) आधी पॉलिऑर्निथिनचा थर रात्रभर, मग निर्जंतुक पाण्याच्या तीन धुलाया. इथे घाई नको, उरलेलं पॉलिऑर्निथिन पेशींना मारतं. त्यावर लॅमिनिन हे चिकटवणारं प्रथिन, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ३७ अंशांवर २ तास. लॅमिनिन ४ अंशांवर सावकाश वितळवा, एकदम गरम केलं तर गोठून जेल होतं. दर चौरस सेंमीला ५० हजार पेशी पेरा.

न्यूरॉन हवे असतील तर नॉच हे पेशीच्या पृष्ठभागावरचं संदेशग्राही प्रथिन रोखा. शेजारच्या पेशीचा स्पर्श झाला की गॅमा-सिक्रिटेज हे विकर नॉच कापतं, तुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन एचईएस१ हे जनुक चालू करतो आणि ते एएससीएल१सारखी न्यूरॉन घडवणारी जनुकं दाबून ठेवतं. डॅप्ट हे रसायन ते कापणंच थांबवतं. १० मिलिमोलर साठ्यातलं १ मायक्रोलिटर १ मिलि माध्यमात घातलं की १० मायक्रोमोलर होतं. सोबत डॅप्ट ज्यात विरघळवलेलं असतं ते डीएमएसओ ०.१ टक्का जातं, तेवढंच डीएमएसओ तुलनेच्या, डॅप्ट नसलेल्या प्लेटमध्येही घाला. दोन दिवसांनी न्यूरॉन जगवणारं प्रथिन बीडीएनएफ, २० नॅनोग्रॅम प्रति मिलि. तेव्हापासून माध्यम अर्धंच बदला. पूर्ण उपसलं की नाजूक तंतूंसकट पेशी सुटून येतात.

ॲस्ट्रोसाइटसाठी (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींसाठी) बीएमपी४ हे संदेश देणारं प्रथिन, २० नॅनोग्रॅम प्रति मिलि. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बीएफजीएफ शिल्लक असेल तर याच बीएमपी४ने पेशी ॲस्ट्रोसाइट न होता झोपी जातात. विभाजन थांबलेलं दिसतं, आपण खूश होतो. खात्री करायला बीएमपी४ काढून बीएफजीएफ परत द्या: पेशी पुन्हा विभागू लागल्या तर त्या झोपल्याच होत्या. ॲस्ट्रोसाइट ओळखायला नुसत्या जीएफएपी या खूण-प्रथिनावर विसंबू नका, प्रौढ मेंदूतल्या मूलपेशींमध्येही ते असतं. मूलपेशींची खूण असलेलं नेस्टिन सोबत रंगवा.

ऑलिगोडेंड्रोसाइटचा (न्यूरॉनच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशींचा) रस्ता लांब आहे. आधी पीडीजीएफ-एए हे वाढीचं प्रथिन देऊन पूर्वगामी पेशी वाढवायच्या, मग ते काढून टी३ हे थायरॉइड संप्रेरक द्यायचं. पीडीजीएफ तसंच ठेवलं तर पेशी पूर्वगामी अवस्थेतच अडकतात, पक्व ऑलिगोडेंड्रोसाइटची खूण असलेलं एमबीपी दिसतच नाही.