कॅम्परव्हॅनची देखभाल : किलोमीटर नाही, कॅलेंडर बघा

कॅम्परव्हॅन (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतली की बरेच जण तिची सर्व्हिसिंग साध्या गाडीसारखीच करतात, म्हणजे ठराविक किलोमीटर झाले की गॅरेजला टाकली, ऑइल आणि फिल्टर बदलले, झालं. पण कॅम्पर चालते कमी आणि उभी जास्त असते, आणि ती खराब होते ती उभी राहूनच. रबर कडक होतं, बॅटरी बसते, सीलंटला (फटी बुजवायला लावतात त्या लवचिक थराला) भेगा पडतात, टाकीतलं पाणी वास मारायला लागतं, आणि या सगळ्याचा मीटरवरच्या आकड्याशी काही संबंध नसतो. म्हणून सगळ्या कामांच्या तारखा लिहून ठेवा, वही असो की मोबाईल.

आधी गाडीचं बघू. इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, गाडी कितीही कमी चालली असली तरी, कारण छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पूर्ण तापत नाही आणि ओलावा ऑइलमध्ये मिसळत राहतो. ब्रेक ऑइल साधारण दर 2 वर्षांनी. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मग कमी तापमानालाच उकळतं, आणि भरलेली कॅम्पर घेऊन लांब उतार उतरताना ब्रेक नेमके तापलेले असतात, तेव्हा पेडल स्पंजासारखं मऊ पडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. लांब उताराला खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. टायमिंग बेल्टला (इंजिनच्या आतल्या भागांचा ताळमेळ ठेवणारा पट्टा) कंपनीने किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे दिलेले असतात, जे आधी येईल त्याला बदला, कॅम्परमध्ये बहुतेक वेळा वर्षंच आधी येतात.

टायरचं तर फारच फसवं असतं. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून लोक निवांत असतात, पण टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात ते वाचा. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षं झाली की दर वर्षी टायरवाल्याकडून नीट तपासून घ्या, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. स्टेपनीचं वय पण बघा, ती तर कोणी बघतच नाही. हवा नेहमी टायर थंड असताना आणि गाडीच्या खऱ्या वजनाप्रमाणे भरायची. खरं वजन म्हणजे पाणी, गॅस, सामान, माणसं सगळं भरून एकदा वजनकाट्यावर नेऊन केलेलं. 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढले, त्यात चांदणी (गाडीच्या बाजूला उघडतं ते कापडी छत), सायकली, दुसरी बॅटरी असं एकेक चढत जातं आणि गाडी कागदावरच्या मर्यादेच्या वर कधी गेली ते कळतही नाही.

आता सगळ्यात महत्वाचं, ओल. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, पण आत पाणी मुरलं आणि लाकडी सांगाडा किंवा फरशी कुजली तर अख्खं आतलं काम उखडावं लागतं, आणि वाईट म्हणजे बाहेरून महिनोन्महिने काही दिसत नाही. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा जिथे जिथे बॉडीला भोक पाडलंय तिथून : छतावरचा व्हेंट (हवा खेळायची झडप), खिडक्यांच्या चौकटी, सोलर पॅनलचे स्क्रू, केबल आत येते ती जागा, चांदणीचे ब्रॅकेट, मागचा जादा लाइट. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, शिडी लावून छताची प्रत्येक कड हाताने तपासा. सीलंट चांगलं असेल तर नखाने दाबल्यावर थोडं दबतं आणि परत वर येतं, आणि जुनं झालेलं असेल तर कडक लागतं, कडेने सुटलेलं असतं, किंवा नखाबरोबर पापुद्रा निघून येतो.

आतून तपासायची पद्धत अशी. चांगला दणकून पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी कपाटं उघडा, गाद्या उचला, आणि छत आणि भिंत जिथे मिळतात ते कोपरे अंगठ्याने दाबत दाबत जा. कोरडं पॅनल टणक लागतं, ओलं असेल तर किंचित आत जातं, कधी त्यावर फुगा आलेला असतो, कधी फक्त रंग थोडा पिवळट दिसतो. बंद कपाटात नाक घालून वास घ्या, कुबट वास हा डोळ्याला दिसायच्या आधी येतो. ओल मोजायचा छोटा मीटर मिळतो, तो असला तर फार छान, दर वेळी त्याच त्याच जागांचे आकडे लिहून ठेवा म्हणजे कुठे वाढतंय ते लगेच कळतं. आणि लक्षात ठेवा, डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं नाही, पाणी आतल्या पट्टीवरून वाहत वाहत भलतीकडेच खाली उतरतं, म्हणून डागाच्या वरच्या आणि पुढच्या बाजूची भोकं आधी शोधा.

दुरुस्ती करताना जुन्या सीलंटवर नवीन थापू नका. जुनं पूर्ण खरवडून काढा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या आणि मगच लावा. बाथरूमचं साधं सिलिकॉन छतावर कृपया लावू नका, त्याचा थर राहतो आणि नंतर त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही, छतासाठी पॉलियुरेथेन किंवा तशाच लवचिक प्रकारचं घ्या आणि चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). गाडी धुताना प्रेशर वॉशर खिडक्यांच्या रबरावर आणि फ्रिजच्या जाळीवर मारायचा नाही, ज्या फटीतून पाऊस शिरत नाही तिथून तो पाणी आत घालतो.

बॅटरी. मल्टीमीटर घ्या, स्वस्तातला चालेल. 12 व्होल्टची लेड अॅसिड किंवा एजीएम (लेड अॅसिडचाच सीलबंद प्रकार) बॅटरी चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा : 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, आणि यापेक्षा खाली नेहमी नेहमी जाऊ दिलं तर ती लवकर संपणार. रिकामी करून महिनोन्महिने ठेवणं तर सगळ्यात वाईट, आत सल्फेट जमतं आणि मग ती चार्जच धरत नाही. लिथियम असेल तर शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) तसं चार्जिंग आपोआप बंद करणारा कटऑफ आहे का ते थंड प्रदेशात जायच्या आधी बघून घ्या. वायरिंग पण बघायचं, कारण गाडी सतत हादरत असते, टर्मिनलचे नट ढिले होतात, आणि ढिल्या जोडावर उष्णता तयार होते. मोठा लोड चालू असताना एखादा जोड किंवा फ्यूज होल्डर गरम लागला तर लोड बंद करा आणि तो जोड उघडून साफ करून परत घट्ट करा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग) हवाच, नाहीतर पत्रा घासून घासून वायर कापतो.

गॅसच्या बाबतीत मात्र अंदाजावर काही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साठतो, म्हणूनच फरशीला ती भोकं ठेवलेली असतात आणि थंडी वाजते म्हणून ती कापडाने बुजवणं हे जिवावर बेतू शकतं. सिलिंडर उघडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि मिनिटभर बघत रहा, बारीक बुडबुडे वाढताना दिसले तर गॅस बंद, आणि पुढचं काम जाणकार माणसाकडून. पाइपवर तारीख छापलेली असते, ती उलटून गेली की पाइप वरून छान दिसत असला तरी बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवा, या वायूला ना रंग ना वास, आणि अलार्मच्या सेन्सरचं पण आयुष्य ठरलेलं असतं, मागे तारीख असते. बटण दाबून वाजला म्हणजे सेन्सर चांगला आहे असं नाही, त्याने फक्त बझर आणि बॅटरी कळते.

पाण्याची टाकी वर्षातून एक-दोनदा निर्जंतुक करा. बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच (सुमारे 5 टक्क्यांचं) दर लिटर पाण्याला 1 मिली, कार्बन फिल्टर आधी काढून ठेवा, टाकी भरा, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, गरम पाण्याचा पण, मग कमीत कमी चार तास ठेवून रिकामी करा आणि वास जाईपर्यंत धुवा. गीझर अॅल्युमिनियमचा असेल तर त्याला बायपास करा.

फ्रिज वापरात नसेल तर बंद करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवायचं. बस, त्यात एवढंच.

जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो, गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा. टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा, बॅटरीला मेंटेनर (ती हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर) लावा, बर्फ पडतो तिथे असाल तर पाण्याची सगळी लाइन रिकामी करून नळ उघडे ठेवा. महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून अर्धा तास चांगली चालवा, जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून काही उपयोग नाही, त्यात इंजिन नीट तापत नाही आणि ब्रेक डिस्कवरचा गंजही निघत नाही. त्याच वेळी डिझेल हीटर (डिझेल जाळून गाडी आतून गरम करतो तो) पण उन्हाळा असला तरी वीस मिनिटं फुल वर चालवा, कारण नुसता मंद चालवला की त्यात काजळी धरते आणि नेमका थंडीच्या पहिल्या रात्री तो चालू होत नाही.