लिपिड प्रोफाइलला जाण्याआधी

लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. तिची तयारी आदल्या रात्रीच्या उपासापासून नाही, तारीख ठरवण्यापासून सुरू होते. नुकताच मोठा ताप, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया होऊन गेली असेल, तर चाचणी काही आठवडे पुढे ढकला. आजारपणात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तात्पुरता उतरतो आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. गरोदरपणात याच्या उलट होते, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) दोन्ही चढतात. त्यामुळे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले नसेल, तर बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे जाऊ द्यावेत. आणि छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे काही होत असेल, तर चाचणीचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठा.

तारीख ठरली की बरेच जण एकदम शहाणे होतात. तळलेले बंद, गोड बंद, पहाटे फिरणे सुरू. असे करू नका. खाण्यातला बदल दोन-तीन आठवड्यांत एलडीएलमध्ये दिसू लागतो. म्हणजे असा सोवळा पंधरवडा आकडा खरोखर थोडा खाली आणू शकतो आणि मग डॉक्टर त्या पंधरवड्यावर उपचार ठरवतात, तुमच्या वर्षावर नाही. नेहमी जसे खाता-पिता, तसेच चालू द्या.

उपाशीपोटी यायचे की नाही, हे लॅबला आधी विचारून घ्या. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, जेवणाने फारसे हलत नाहीत, म्हणून पहिल्या तपासणीला बऱ्याचदा उपासाची गरज पडत नाही. हलतात ते ट्रायग्लिसराइड. ते पूर्वी वाढलेले आढळले असतील किंवा त्याच वेळी उपाशीपोटीची शुगरही द्यायची असेल, तर ९ ते १२ तास पोट रिकामे ठेवावे लागते. यामागे एक गणितही आहे. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. १९७२ पासून वापरात असलेले हे सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की चालत नाही.

उपासात साधे पाणी प्या, भरपूर प्या, शीर सापडायला सोपी जाते. चहा-कॉफी नको. आदल्या २४ तासांत दारू नको आणि दमछाक करणारा व्यायामही नको. जास्त उपास म्हणजे जास्त अचूक रिपोर्ट असे काही नसते, त्यामुळे १६-१८ तास उपाशी राहू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर उपासाच्या सकाळी डोस कसा घ्यायचा हे आधीच विचारावे, नाहीतर शुगर झपकन खाली जाऊ शकते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू असेल तर चाचणीसाठी ती थांबवू नका, गोळी चालू असतानाचाच आकडा हवा असतो. लॅबमध्ये धावतपळत पोहोचलात तर पाच-दहा मिनिटे बसा, मग हात पुढे करा.

चालू औषधांची यादी कागदावर लिहून न्या. स्टेरॉइड, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन आणि संप्रेरकांच्या गोळ्या लिपिडचे आकडे बदलू शकतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही लिहा. थायरॉइड मंदावल्याने एलडीएल वाढतो, म्हणून टीएसएच हा थायरॉइडचा आकडाही बऱ्याचदा सोबत तपासतात आणि काही पद्धतींमध्ये बायोटिनमुळे तो आकडा चुकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि तोच बहुतेक जण नेत नाहीत: घराण्याचा. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? ‘आजोबा अचानक गेले’ एवढे पुरत नाही. कितव्या वर्षी गेले, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त निघाला आणि घरात कमी वयात झटके आले असतील, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घ्यावी लागते. साधारण अडीचशे माणसांत एकाला ती असते आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात रिपोर्ट एकाचा असला, तरी तपासणी भावंडांची आणि मुलांचीही करायची. डॉक्टरांना लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्या कणाबद्दलही विचारा. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसते, ते बहुतांशी जनुकांवर ठरते आणि आयुष्यात एकदा तपासले तरी सहसा पुरते.

त्याच कागदावर बीपीचे अलीकडचे आकडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, धूम्रपान, बायकांच्या बाबतीत लवकर गेलेली पाळी आणि गरोदरपणातला वाढलेला बीपी लिहा. संकोचाने सिगारेट लपवली तर सगळा हिशेबच चुकतो. एलडीएल १४० हा तिशीतल्या, बीपी नसलेल्या माणसाला एक गोष्ट सांगतो आणि साठीतल्या सिगारेट ओढणाऱ्याला वेगळीच.

रिपोर्ट हाती आला की आधी एकक बघा. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि मिलिमोल प्रति लिटर यांत कोलेस्टेरॉलसाठी सुमारे ३९ पटीचा फरक असतो. इथले आकडे मिलिग्रॅममधले आहेत. धडधाकट माणसाला एलडीएल १०० च्या खाली चांगला. हृदयविकार झालेल्याला लक्ष्य ७० च्या खालचे असते, अतिधोक्याच्या रुग्णांना युरोपीय मार्गदर्शक सूचना ५५ च्या खाली न्यायला सांगतात. त्यामुळे छापील ‘नॉर्मल’ची रेघ तुमच्यासाठी आहे असे समजू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, उरते ते सगळे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तोही आकडा डॉक्टरांशी बोलायला घ्या. एचडीएल जास्त आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. औषधांनी एचडीएल वाढवून पाहिला, झटके काही कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तर हृदयाआधी स्वादुपिंडाची काळजी, तेव्हा भेट लांबवू नका.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या: पुढच्या दहा वर्षांतला माझा धोका किती? माझे लक्ष्य किती? गोळी आत्ता, की आधी खाण्या-फिरण्यावर काही महिने? एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरला की मोठे झटके आणि पक्षाघात सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात, एवढा भक्कम पुरावा स्टॅटिनमागे आहे. स्नायू दुखू लागले तर सांगा, पण परस्पर बंद करू नका. गर्भधारणेचा विचार असेल तर गोळी सुरू होण्याआधीच बोला. खाण्यात भर द्यायचा तो संपृक्त चरबी (तूप-लोण्यातली) कमी करून तिच्या जागी वनस्पती तेले आणि सुकामेवा आणण्यावर. ओट्स आणि कडधान्यांतला विरघळणारा तंतू मदत करतो. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे धरा. सिगारेट सोडणे मात्र या सगळ्याच्या वर.

खोलीतून बाहेर पडण्याआधी पुढची तारीख घ्या. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आकडा थोडा वर-खाली होतोच, म्हणून जुना रिपोर्टही सोबत न्या.