प्रीॲम्प जोडताना आणि चालू करताना या चुका टाळा

प्रीॲम्प म्हणजे टर्नटेबल, सीडी प्लेअर यांतला कोणता वाजवायचा ते निवडून आणि आवाज कमी-जास्त करून सिग्नल पॉवर ॲम्पकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे, पाठवणारा डबा. ‘आवाज येत नाही, आतलं काहीतरी गेलंय’ म्हणून तो दुरुस्तीला नेला जातो, तेव्हा बऱ्याचदा त्याच्या आत काहीच गेलेलं नसतं. केबल चुकीच्या सॉकेटमध्ये असते, नाहीतर एखादं बटण दाबलेलं राहून गेलेलं असतं. अशा चुकांनी सहसा नुकसान होत नाही, फक्त मनस्ताप होतो. चालू-बंद करण्याचा क्रम चुकला तर मात्र स्पीकर जातो, म्हणून आधी तेच सांगतो.

चालू करताना आधी टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) किंवा सीडी प्लेअर, मग प्रीॲम्प, सगळ्यात शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना बरोबर उलटं: पॉवर ॲम्प आधी, अर्धा मिनिट थांबून मग प्रीॲम्प. प्रीॲम्पला वीज मिळाली की आतले कपॅसिटर भरायला लागतात, व्होल्टेज जागेवर यायला काही सेकंद जातात आणि त्या गडबडीत आउटपुटवर एक झटका उमटतो. पॉवर ॲम्प चालू असेल तर तो हा झटका वीस-पंचवीस पट मोठा करून थेट वूफरकडे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरकडे, पाठवतो. तो ‘धप्प’ आवाज म्हणजे स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) पुढे फेकला गेल्याचा आवाज. व्होल्यूम शून्यावर होता म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक प्रीॲम्पमध्ये आउटपुटचा भाग व्होल्यूमच्या नॉबनंतर येतो, त्यामुळे नॉब हा झटका अडवू शकत नाही. ट्यूबचा (काचेच्या व्हॉल्व्हचा) प्रीॲम्प असेल तर त्याला निदान मिनिटभर तापू द्या.

सांगलीत वळवाच्या दिवसांत वारं सुटलं की लाइट जाते आणि थोड्या वेळानं अचानक येते. सगळी उपकरणं एकाच स्विचवर सोडून दिलेली असतील तर ती एकदम चालू होतात आणि वर सांगितलेला क्रम आपोआप मोडतो. म्हणून लाइट गेली की मेणबत्ती शोधण्याआधी पॉवर ॲम्पचं बटण बंद करा. लाइट आल्यावरही पाच मिनिटं जाऊ द्या.

आता जोडणी. केबल काढताना-घालताना पॉवर ॲम्प बंदच हवा. आरसीए पिनचा (ऑडिओ केबलच्या टोकाच्या नेहमीच्या गोल पिनचा) मधला खिळा सॉकेटला आधी टेकतो आणि बाहेरची कडी नंतर, त्या क्षणात मोठा गुरगुराट होतो.

टर्नटेबल ‘फोनो’ऐवजी ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे सीडी प्लेअरसारख्या उपकरणांच्या साध्या इनपुटमध्ये, जोडणं ही सर्रास दिसणारी चूक. आवाज बारीक, पातळ, तबल्याच्या डग्ग्याचा पत्ता नाही. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या छोट्या डबीतून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. ते पूर्ववत करण्याचं काम फक्त फोनो इनपुट करतं. उलट चूकही तितकीच वाईट: सीडी प्लेअर फोनोमध्ये गेला की आवाज फाटतो. बऱ्याच नव्या टर्नटेबलच्या मागे ‘फोनो/लाइन’ असा छोटा स्विच असतो, तोही बघून घ्या.

पॉवर ॲम्पकडे जाणारी केबल ‘प्री आउट’मधूनच निघायला हवी. शेजारचं ‘टेप आउट’ दिसायला तसंच असतं, पण त्यावर व्होल्यूमचा ताबा नसतो. पहिल्याच सेकंदाला सगळं पूर्ण जोरात सुरू होतं. आवाज मुळीच नसेल तर पुढच्या पट्टीवरचं ‘टेप मॉनिटर’ बटण बघा. ते दाबलेलं असेल तर प्रीॲम्प टेपरेकॉर्डरची वाट बघत बसतो आणि आपण केबल बदलत बसतो.

हमिंगचा, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या ‘हूं’ अशा आवाजाचा, विषय मला जिव्हाळ्याचा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हमिंग ५० आणि १०० हर्ट्झवर बसतं. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज येतो ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बरोबर या दोघांच्या मध्ये. मिरजेच्या तंबोऱ्यांवर कान तयार झालेल्या माणसाला हे चालणारच नाही, आणि चालवून घेऊही नये.

फक्त फोनोवर हमिंग असेल तर टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर बघा. तिच्या टोकाला काट्यासारखी पत्री असते, ती प्रीॲम्पच्या मागच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली घट्ट बसवायची. सगळ्याच इनपुटवर हमिंग असेल तर सगळ्या केबल काढा आणि एकेक परत लावत जा. ज्या केबलनं हमिंग परत येईल तिथं दोष. बऱ्याच वेळा तो टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स किंवा कॉम्प्युटर निघतो, कारण त्यांच्यामुळे अर्थचा दुसरा रस्ता तयार होतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा. पण हमिंग घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थची पिन कधीही काढू नका. हमिंग जाईल, आणि आत फेज (विजेची जिवंत वायर) बॉडीला लागली तर शॉक तुम्हाला बसेल. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांत मुळात अर्थिंगच नसतं किंवा नावापुरतं असतं. आधी वायरमनकडून ते तपासून घ्या.

एकच बाजू वाजत असेल तर सगळं बंद करून पॉवर ॲम्पच्या इनपुटवर डावी-उजवी केबल आलटून पालटून लावा. गप्प असलेली बाजू बदलली तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या मागे, म्हणजे प्रीॲम्पच्या बाजूला. बदलली नाही तर पॉवर ॲम्प किंवा स्पीकर.

परदेशातून आलेल्या सेटची मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेचा १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा; आपल्या २३० वर तो काही क्षणांत जळतो.

आणि पुरात भिजलेला सेट. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा कितीतरी घरांतले सेट पाण्यात गेले. असा सेट बाहेरून वाळला म्हणून लावून बघू नका. गाळ नॉबच्या आत आणि ओल ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत राहते. आधी उघडून धुवून, पूर्ण वाळवून, ट्रान्सफॉर्मर तपासून घ्यायचा. मग पहिल्यांदा वीज द्यायची ती मेकॅनिककडच्या सिरीज बोर्डवरून (ज्यात वीज आधी बल्बमधून जाऊन मग सेटला मिळते), ६० वॉटचा तारेचा बल्ब लावून. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या सेटलाही पहिली वीज अशीच द्या.