हळू आवाजातलं प्रेमगीत: सोल सिंगल कसं घडवावं

सोल म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांची भावभरी गायकी. प्रेमाचं सोल गाणं बहुतेक वेळा पहिल्या कडव्यातच बिघडतं. गायक सगळी ताकद तिथेच लावून मोकळा होतो आणि ध्रुवपदाला चढायला जागाच उरत नाही. मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत निर्माते विली मिचेल सोल गायक अल ग्रीनला हेच सांगत असत: आवाज मऊ ठेव, ओरडू नकोस. तिथे मुद्रित झालेलं ‘लेट्स स्टे टुगेदर’ फेब्रुवारी १९७२ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हळू गाणाऱ्या आवाजाला जागा करून देणं, हेच अशा गाण्याच्या मांडणीतलं मुख्य काम.

सुरुवात शब्दांपासून करा. गाणं एकाच माणसाला उद्देशून असावं आणि प्रसंगही एकच असावा: थांब म्हणणं, माफी मागणं किंवा परत ये म्हणणं. तिन्ही एकत्र आले की गाण्याचं पत्र होतं. शीर्षकाची ओळ पहिल्या ५० सेकंदांत ऐकू आली पाहिजे. ध्रुवपदातला सगळ्यात उंच स्वर ‘आ’, ‘ओ’ किंवा ‘ए’वर पडेल असे शब्द निवडा. उंचावर ‘ई’ आली की मऊ आवाज चिरका होतो, आणि शब्द ‘ट’ किंवा ‘क’वर संपला की सूर लांबवताच येत नाही.

मग पट्टी ठरवा. ध्रुवपदाचा सर्वांत उंच स्वर गायकाला बोलण्याच्या आवाजाइतक्या जोरात धरता आला पाहिजे. तिथे गळ्यावर ताण दिसला तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवत जा. मात्र फार उतरवू नका, कारण आवाज किंचित फाटण्याच्या बेतात असतो तिथेच तो जिवंत वाटतो.

लयीचे दोन हमखास रस्ते आहेत. एक, मिनिटाला ६० ते ७० ठोक्यांची संथ चाल, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. दुसरा, ९५ ते १०५ ठोक्यांची सरळ चार मात्रांची चाल. संथ चालीला पायरीपायरीने उतरणारा बास फार शोभतो: सी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) आधी सी, मग बी, मग ए, मग जी. पर्सी स्लेजच्या १९६६ च्या ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’चा पाया असाच उतरता आहे. सरळ चालीत मेजर सेव्हन्थ आणि मायनर नाइन्थ हे कॉर्ड वापरा. ध्रुवपदात शिरताना साध्या जी सेव्हन्थऐवजी एफ कॉर्डखाली जीचा बास दिला, तर दार ढकलल्यासारखं न वाटता आपोआप उघडल्यासारखं वाटतं.

ड्रम्सवर जास्त वेळ द्या. स्नेअर (मधला खणखणीत ड्रम) खालच्या सुरात लावा आणि त्यावर सुती कापडाची एकच घडी ठेवा. कडव्यात काठी फक्त कडेवर टेकवायची, पूर्ण स्नेअर ध्रुवपदातच. स्नेअरचा ठोका केसभर उशिरा यावा. संगणकावर ठेका बांधत असाल तर फक्त स्नेअर १० ते २० मिलिसेकंद मागे सरकवा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) जागेवरच राहू द्या. सगळंच मागे ओढलं तर गाणं रेलत नाही, रखडतं. हा ताण दोन वाद्यांमधल्या अंतरातून येतो.

बासला सपाट वेढ्यांच्या तारा लावा आणि ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या पट्टीजवळ) फोमचा तुकडा दाबा, म्हणजे स्वर गोल येतो आणि लवकर विझतो. गिटार दोन ओळींच्या मध्ये बोलते, शब्दांवर गप्प राहते. ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरचं (आवाज फिरवणाऱ्या स्पीकरचं) चाक कडव्यात सावकाश फिरू द्या, ध्रुवपदाच्या आदल्या मात्रेला वेग वाढवा. ट्रम्पेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन पहिल्या कडव्यात नकोतच. दुसऱ्यातही ओळीच्या शेवटी फक्त एक लांब स्वर. पितळी वाद्य थंड असलं की सूर खाली राहतो, म्हणून दहा मिनिटं फुंकून मगच सुरात लावा.

तोंड माइकपासून १२ ते १५ सेंटिमीटरवर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर असू द्या, आणि माइक थोडा तिरका धरा. इतक्या जवळून खर्ज फुगतो. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. गाणं तुकड्यातुकड्यांनी नको, सलग चार-पाच वेळा गाऊन घ्या. पहिल्या दोन टेकमध्ये शब्द ताजे असतात, शेवटच्या दोनमध्ये गळा सैल झालेला असतो; निवड या चौघांतूनच करा. श्वास कापू नका, फार तर ३ ते ६ डेसिबलने उतरवा. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर कडक लावलं की स्वरापर्यंत घसरत जाणारी मींड सपाट होते, आणि या गायकीचा अर्धा अर्थ त्या मींडेतच असतो.

मागे साथीला गाणाऱ्या तीन आवाजांपैकी ‘स’ आणि ‘त’ एकानेच उच्चारावेत. बाकी दोघांनी फक्त ‘आ’, ‘ओ’ असे स्वर धरायचे, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी सिसकारे येतात.

मिक्स करताना सुरुवात आवाजापासून करा. आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या एका जोरकस कम्प्रेसरपेक्षा दोन सौम्य बरे, प्रत्येकी ३ डेसिबलच्या आसपास. प्लेट रिव्हर्ब (धातूच्या पत्र्यासारखा घुमार) सुमारे २ सेकंदांचा द्या, पण ४० ते ६० मिलिसेकंद उशिरा सुरू करा, म्हणजे शब्द पुढे राहतो आणि घुमार मागे. शेवटी एकाच छोट्या स्पीकरवर अगदी कमी आवाजात ऐका. शब्द समजला नाही तर वाद्यं उतरवा. आवाज वाढवत बसलात तर मऊपणा जातो.

आता बाजाराचं. लांबी २:५० ते ३:२० मिनिटं, आणि गायन दहाव्या सेकंदाच्या आत सुरू व्हावं, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम मोजला जातो. तिथे ध्वनिपातळी मूळ सेटिंगमध्ये -१४ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणली जाते, म्हणून गाणं ठासून मोठं करण्यात फायदा नाही. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) -१ डेसिबलवर थांबवा. गाणं वितरकाकडे (स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्याकडे) तीन-चार आठवडे आधी पोचवा. स्पॉटिफायच्या संपादकांना ते प्रकाशनाच्या निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. सात इंची ४५ फेऱ्यांची तबकडी काढणार असाल तर बास डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांत समान ठेवा आणि ‘स’ आधीच मऊ करा. आतल्या खाचांत तो सर्वांत आधी फाटतो.

प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षरी आयएसआरसी (मुद्रणाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय कोड) असतो. नंतर तेच मुद्रण अल्बममध्ये घेतलंत तर कोडही तोच ठेवा, नवीन घेतला तर ऐकणाऱ्यांची मोजणी दोन ठिकाणी फुटते. गीत, चाल आणि कॉर्ड कोणी किती रचले याच्या टक्केवारीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या मुद्रणाच्या दिवशीच घ्या, सगळे त्याच खोलीत असताना.