बेंगाल मांजर घरात धुमाकूळ घालतंय? आधी या चुका टाळा

पहाटे चारला ओरडतं, पडद्यावर चढतं, चादरीखाली पाय हलला की झडप घालतं, पंजा अडकवून कपाट उघडतं. बेंगाल पाळणाऱ्यांच्या तक्रारी साधारण याच असतात आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: मांजर बिघडलंय. पण बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. त्याची दिवसभराची शिकार झालेली नसते, एवढंच.

ही जात एशियन लेपर्ड कॅट या छोट्या रानमांजराचा पाळीव मांजराशी संकर करून तयार झाली. त्या रानमांजराच्या शास्त्रीय नावातला ‘बेंगालेन्सिस’ हा शब्द जातीला चिकटला. मांजरांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन या संस्थेने 1986 मध्ये ती नवी जात म्हणून स्वीकारली. घरात पाळायला या संकरापासून मोजून चौथ्या किंवा त्यापुढच्या पिढीचंच मांजर घ्यावं. पहिल्या तीन पिढ्या बुजऱ्या असतात, घरात सहज रुळत नाहीत. अंगावरच्या ठिपक्यांना भुलून त्या घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

खेळणी भरपूर, खेळ मात्र शून्य

टोपलीभर चेंडू आणि उंदीर आणून ठेवले की काम झालं, असं समजू नका. पडून राहिलेलं खेळणं मांजराच्या लेखी मेलेलं असतं. पिसांची काठी हातात घ्या आणि रोज तीन वेळा, दहा ते पंधरा मिनिटं खेळा. पिसं मांजराच्या तोंडापुढे नाचवू नका, कारण कोणतंही सावज आपणहून शिकाऱ्याकडे धावत येत नाही. पिसं जमिनीवरून लांब सरपटत न्या, दाराच्या चौकटीआड अर्धी लपवा, थांबा, मग टोक किंचित थरथरवा. मांजर पोट जमिनीला टेकवतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, मागचे पाय जागच्या जागी हलू लागतात. या क्षणी घाई करून पिसं ओढू नका. हे दबा धरणं हाच खेळाचा निम्मा भाग आहे. दर तीन-चार झडपांमागे एकदा तरी त्याला पकडू द्या, चावू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. शेवटी वेग कमी करा आणि लगेच खायला द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. तो पूर्ण झाला की मांजर आपोआप शांत होतं.

लेझरच्या ठिपक्यामागे ते बेफाम पळतं, पण पंजात कधीच काही येत नाही. काही मांजरं मग भिंतीवरच्या सावल्या आणि उजेडाच्या कवडशांमागे लागतात. लेझर वापरायचाच असेल तर शेवट खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर करा, डोळ्यांत तर कधीच मारू नका. खेळ संपला की काठी कपाटात बंद करा. गिळलेली दोरी आतडं गोळा करून कापू शकते. दोरीचं टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून बाहेर दिसत असेल, तर ती ओढू नका, थेट पशुवैद्याकडे न्या.

पिल्लू असताना बोटांशी खेळवणं गोड वाटतं. वर्षभराने तेच मांजर चार-पाच किलोचं असतं आणि हात हे त्याच्यासाठी खेळणंच असतं. चावलं तर हात झटकू नका, कारण पळणारी वस्तू पकडायचीच ही त्याची वृत्ती आहे. हात ढिला सोडा, खेळ थांबवा, अर्ध्या मिनिटाने लांब दांड्याचं खेळणं पुढे करा. ओरडून किंवा पाणी फवारून ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं. शिवाय बेंगालना पाणी बहुधा आवडतंच!

पहाटेचा भोंगा

ओरडल्यावर उठून खायला दिलं, की ओरडण्याचा पगार सुरू झाला. हे बंद करताना पहिले काही दिवस आवाज वाढतो. इथेच लोक हार मानतात आणि मांजर शिकतं की अजून जोरात ओरडायला हवं. रात्री झोपण्याआधी शेवटचा खेळ आणि दिवसातलं मोठं जेवण द्या. पहाटेच्या घासासाठी वेळ लावता येणारा फीडर ठेवा, म्हणजे अन्नाचा संबंध तुमच्या उठण्याशी उरत नाही.

उंची आणि जागा

ओट्यावरून दहा वेळा खाली उतरवण्यापेक्षा ओट्याहून उंच जागा द्या. दीड-दोन मीटरचा, भिंतीला पक्का बांधलेला कॅट ट्री, म्हणजे मांजराला चढायचा-बसायचा मनोरा, हवा. एकदा डळमळला की मांजर पुन्हा चढत नाही. नखं घासायचा खांब किमान 80-90 सेंटीमीटर उंच घ्या, अंग पूर्ण ताणता आलं नाही तर सोफा आहेच. पळायचं चाक घेणार असाल तर व्यास साधारण एक मीटर किंवा जास्त असावा. लहान चाकात पाठ वाकवून पळावं लागतं. खिडक्या आणि बाल्कनीला मजबूत जाळी बसवल्याशिवाय मांजर घरी आणूच नका.

ट्रेबाहेर लघवी

ही खोडी समजून शिक्षा करू नका. मांजराच्या शी-शूचा वाळूचा ट्रे त्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट, वाळू बिनवासाची, पाच-सात सेंटीमीटर थर, सफाई रोज. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर फवारे मारतो. सवय मुरण्याआधी, पाच-सहा महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रियेबद्दल पशुवैद्यांशी बोला. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय आणि थेंबच येतात किंवा काहीच येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.