ऑफिसमधलं वातावरण चांगलं ठेवायचंय? मग हे करा

टेबल टेनिस, बीन बॅग वगैरे नंतर बघू. आधी पगार वेळेवर झाला पाहिजे आणि कुणाकडे नेमकं कुठलं काम आहे हे त्याला माहीत पाहिजे, एवढं नसेल तर बाकी सगळा देखावाच.

मग सगळ्यात महत्त्वाचं, चूक सांगायला माणूस घाबरला नाही पाहिजे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला तर चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त दिसल्या, म्हणजे त्या जास्त चुकत होत्या असं नाही, तिथले लोक मोकळेपणाने सांगत असावेत असं त्यांचं म्हणणं. कुणी येऊन म्हणालं "सर, क्लायंटला जुनी फाईल गेली", तर "कोणी पाठवली?" हा प्रश्न गिळायचा आणि "बरं झालं लगेच सांगितलंस, नवीन पाठव, मी त्यांना फोन करतो" म्हणायचं. पुढच्या वेळी बातमी तुमच्यापर्यंत लवकर येते की नाही ते इथेच ठरतं.

कौतुक करताना नुसतं "गुड जॉब" नको, ते इमोजीसारखं झालंय आता. "तू तो तक्ता टाकलास म्हणून मीटिंग लवकर आटपली" असं नेमकं बोला, चारचौघांत. झापायचं असेल तर मात्र केबिनमध्ये.

आणि रात्री अकराला मेसेज टाकून वर "उद्या बघितलं तरी चालेल" लिहू नका, समोरचा लगेचच बघतो. शेड्यूल करून सकाळी पाठवा ना.