पिवळं दिसलं की तेल्याच असं नव्हे

तेल्या म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग. त्याच्या जिवाणूवरच्या प्रकल्पात लागले तेव्हा वाटायचं, जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचणं, हे सगळं काम मशीनचं. सांगोल्याकडच्या एका बागेतून तेल्या पडलेली डाळिंबाची पानं आणली, जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावली आणि दुसऱ्याच दिवशी जिवाणूंचे पिवळेधमक ठिपके, म्हणजे कॉलन्या. डीएनए काढून लगेच पाठवून दिला.

डेटा आला. जीनोम साधारण ५० लाख बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). तेल्या पाडणाऱ्या झॅन्थोमोनास जिवाणूचाही जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे दोन दिवस मी मिरवलं. मग मॅडमनी सहज विचारलं, "जीसी किती आला गं?" जीसी म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांचं प्रमाण.

"५५ टक्के."

झॅन्थोमोनासचा ६५च्या आसपास असतो. मी सिक्वेन्स केला होता पँटोइया, पानावर सुखाने नांदणारा दुसराच जिवाणू; तोही पिवळाच! सगळे पैसे पाण्यात.

खरं तर प्लेटनेच सांगितलं होतं. तेल्याचा जिवाणू सावकाश वाढतो, कॉलनी दिसायला तीन-चार दिवस लागतात. आता मी आधी डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवते. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंचा धुरासारखा लोट बाहेर पडला तरच पुढे. मग एकच कॉलनी तीनदा स्ट्रीक करायची (नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून शुद्ध करायची), निरोगी रोपावर टोचून तेलकट डाग येतात का पाहायचं आणि त्या डागातून पुन्हा तोच जिवाणू काढायचा. यात महिना जातो. जाऊ द्या.

डीएनए काढताना वेगळीच डोकेदुखी. हा जिवाणू झॅन्थन गम सोडतो (हो, आइस्क्रीममध्ये घालतात तोच), आणि सगळं शेंबडासारखं होतं. पेशी आधी मिठाच्या पाण्याने धुवा, सीटॅब (हा चिकटा वेगळा करणारं रसायन) वापरा. नॅनोड्रॉपवर (डीएनएची शुद्धता मोजणारं यंत्र) २६०/२३० हे शुद्धतेचं गुणोत्तर कमी दिसलं तर नमुना पाठवू नका.

शॉर्ट रीडवर, म्हणजे डीएनए छोट्या छोट्या तुकड्यांत वाचण्यावर, थांबलात तर जीनोम तुकड्यांतच हाती येईल, कारण झॅन्थोमोनासमध्ये जागा बदलणारे, एकसारखे डीएनएचे तुकडे भरपूर असतात. नॅनोपोर या तंत्राचे लांब रीड जोडीला घेतले की जीनोमचा गोल पूर्ण होतो, प्लाझ्मिडही (डीएनएची छोटी वेगळी कडी) सुटे दिसतात. २००० साली ब्राझीलमध्ये संत्र्यावरच्या झायलेला या जिवाणूचा जीनोम पूर्ण झाला, वनस्पतिरोगाच्या जिवाणूचा जगातला पहिला. तो जेमतेम २७ लाख बेसचा, तरी कितीतरी प्रयोगशाळा त्याला जुंपल्या होत्या.

सिक्वेन्सिंगला पाठवण्याआधी ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये जपलेला जिवंत जिवाणू) उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा. ट्यूबवर गाव, वाण, तारीख लिहा. माझ्या पहिल्या ट्यूबवर नुसतं 'पिवळा १' लिहिलेलं आहे.